पुरावा मागणारा दादा श्रद्धेकडे वळला, मी काय करू?

प्रश्न : माझा दादा ४४ वर्षांचा आहे, मी त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी. आमच्या घरात देवाधर्माचं काही नव्हतं. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे मी शिकले तेही दादाकडूनच. तो संख्याशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात बहुतेक रात्री दादाच त्यांच्याजवळ असायचा. नंतर काही महिन्यांनी तो एका प्रार्थनामंडळात जायला लागला आणि आता त्याने रीतसर दीक्षा घेतली आहे. (धर्माचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धर्म पाहून सल्ला दिला जाऊ नये असं वाटतं.) मी वाद घातला की तो शांतपणे म्हणतो, "मला सिद्ध करता येणार नाही." हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दादाने त्याला सोडलं नसतं. बाबांच्या पैशांतला आपला वाटाही तो मंडळाला द्यायचं म्हणतोय. वहिनी काही बोलत नाही. त्यांना दोन मुलं आहेत. हुशार माणसं अशी उडी का घेतात? तो दुबळा झालाय का? त्याला परत कसं आणू? आणि एक गोष्ट लाजत लिहिते : रात्री झोप येत नाही तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो.
– धाकटी बहीण

उत्तर :

ताई,

दुबळेपणाचा प्रश्न आधी घेते, कारण पत्रात तोच सगळ्यात जास्त ठसठसतो आहे असं वाटलं. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत मला कुठेही दुबळा माणूस दिसला नाही. आजारी वडिलांच्या उशाशी रात्र रात्र बसणं सोपं नसतं. आणि ज्या बहिणीला आपणच पुरावा मागायला शिकवलं, तिच्या डोळ्यांत बघून "मला सिद्ध करता येणार नाही" म्हणणं त्याहून अवघड. तो खोटे पुरावे पुढे करत नाही, शब्दांची चलाखी करत नाही. तुमच्या दादाचा जुना प्रामाणिकपणा अजून जागच्या जागी आहे, असं मी यावरून समजते.

मग हुशार माणसं अशी उडी का घेतात? इथे एका हुशार माणसाची हकिकत जरा सविस्तर सांगते, कारण तीत एक बहीणही आहे.

ब्लेझ पास्कल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचं नाव दादाच्या रोजच्या कामातलं. १६५४च्या उन्हाळ्यात पास्कल आणि दुसरा फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. अर्ध्यावर थांबलेल्या जुगाराच्या डावातले पैसे खेळाडूंत कसे वाटायचे, हा विषय. संभाव्यतेच्या गणिताचा पाया त्या पत्रांत घातला गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री, साधारण साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान, या माणसाला काही विलक्षण अनुभव आला. त्याने तो लिहून ठेवला. वर एकच शब्द, 'अग्नी', आणि खाली, हा अब्राहमचा, इसहाकचा, याकोबचा देव आहे, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. हा मजकूर त्याने कोटाच्या अस्तरात शिवून जवळ बाळगला. १६६२ साली तो वारला, त्यानंतर तो सापडला.

एवढंच ऐकलं तर वाटतं, एका रात्रीत माणूस बदलला. दादाबद्दल तुम्हालाही तसंच वाटतंय. पण त्या रात्रीच्या आठ वर्षं मागे चला. १६४६च्या जानेवारीत पास्कलचे वडील बर्फावरून घसरून पडले आणि त्यांचं हाड मोडलं. हाडं बसवण्यात तरबेज असलेले दोन भाऊ त्यांच्या देखभालीसाठी घरी येऊन राहिले, सुमारे तीन महिने. कुटुंब ख्रिस्ती होतंच, पण धर्म इतक्या मनापासून जगणारी माणसं घरच्यांनी इतक्या जवळून तेव्हा पाहिली. ती एका रुग्णाची सेवा करत होती आणि त्या सेवेतूनच त्यांचा विश्वास दिसत होता. पुढे १६५१ मध्ये वडील गेले. त्याची धाकटी बहीण जॅकलिन हिने मठात जायचं ठरवलं आणि १६५२च्या सुरुवातीला ती गेलीही. पास्कलने कडाडून विरोध केला. वारशातला तिचा वाटा मठाला देण्यावरून घरात कटुता आली. (तुमच्या पत्रातली ती ओळ वाचताना मला हेच आठवलं.)

आणि मग १६५४च्या सप्टेंबरपासून हाच भाऊ बहिणीला भेटायला मठात वरचेवर जायला लागला. तो तिला म्हणाला, जगाचा वीट आलाय, पण देवाकडेही ओढ वाटत नाही. हे आपल्याला कळतं ते जॅकलिनने थोरल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रामुळे. त्याच्या भेटी इतक्या वाढल्या आणि इतक्या लांबल्या की आपल्याला दुसरं काही काम नाही असं वाटावं, असं ती लिहिते. आणि हेही लिहिते की तिने त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही, ती नुसती त्याच्या मागोमाग जात राहिली.

म्हणजे त्या दोन तासांच्या आधी आठ वर्षं होती. वडिलांचं दुखणं होतं, अनोळखी माणसांची सेवा होती, वडिलांचा मृत्यू होता, बहिणीशी भांडण होतं आणि बहिणीकडे परत जाणं होतं. युक्तिवाद जिंकून कुणी श्रद्धेपर्यंत पोचलेलं मला फारसं दिसलेलं नाही. माणूस आधी कुणावर तरी टेकतो, मग त्या माणसाला ज्याचा आधार आहे त्याकडे वळून पाहतो, आणि बऱ्याच उशिराने त्याला विचारलं जातं की तुझा यावर विश्वास आहे का. तेव्हा तो "हो" म्हणतो आणि आपल्याला वाटतं, उडी आत्ता पडली.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी साठच्या दशकात एका छोट्या नव्या धर्मगटात लोक कसे सामील होतात ते जवळून पाहिलं आणि १९६५ साली मांडलं. त्यांना दिसलं की गटातल्या कुणाशी तरी जिव्हाळ्याचं नातं जुळणं आणि बाहेरची नाती सैल पडणं, या दोन गोष्टी फार निर्णायक ठरतात. ज्यांची अशी नाती जुळली नाहीत, ते शिकवण ऐकूनही सहसा आत आले नाहीत. या निष्कर्षातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. ती बाजूला ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता मी तुम्हाला विचारते. बाबांच्या त्या रात्रींमध्ये दादाजवळ कोण येऊन बसत होतं? फोन कोण करत होतं? मंडळातलं कुणी होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. माझा अंदाज आहे की उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

इथे तुम्ही म्हणाल, म्हणजे दुःखामुळेच झालं ना, विचार करून नाही. दुःखाचा वाटा आहेच. पण एखादी समजूत कुठून आली हे सापडलं म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. तुमचंच बघा. पुराव्याशिवाय मानायचं नाही हे तुम्ही लहानपणी कशाच्या आधारावर मानलंत? दादा म्हणाला म्हणून. तुमचा बुद्धिवादही एका माणसावरच्या प्रेमातून आला आणि पुढे तुम्ही तो स्वतः तपासून आपलासा केलात. दादाला तेवढाच अवकाश द्या.

दुसरी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. आधी विश्वास बसतो आणि मग माणूस प्रार्थना करू लागतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो. पास्कलने श्रद्धेची बाजी लावण्याचा जो प्रसिद्ध हिशेब मांडला (तो त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापला गेला) त्यातला नफातोट्याचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो : देव असेल तर मानणाऱ्याला सगळं मिळतं, नसेल तर त्याचं फारसं काही जात नाही. त्याच्या पुढचा भाग मला अधिक खरा वाटतो. हिशेब पटूनही ज्याचा विश्वास बसत नाही, त्याला तो आणखी युक्तिवाद देत नाही. तो म्हणतो, जे तुझ्याआधी या वाटेने गेले त्यांनी जे केलं ते कर, उपासनेला जा, विधी पाळ. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला कळलं होतं की पटणं आणि वळणं यांत अंतर असतं आणि ते रोजच्या आचरणाने कापलं जातं. दादा मंडळात जायला लागला तेव्हा बहुधा त्याचा काहीच विश्वास नव्हता. ठरलेल्या वेळी चार माणसांत बसायचं, तेच शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचे, कुणी काही विचारत नाही, आणि तेवढा वेळ छातीवरचं ओझं कमी होतं. महिनोन्‌महिने असं गेलं की आत काहीतरी जुळतं.

सगळ्यांची वाट दुःखातून जाते असं मात्र नाही. अल्-गझाली हा अकराव्या शतकातला इस्लामी धर्मपंडित, बगदादचा नामांकित अध्यापक. त्याच्याकडे मान होता, विद्यार्थी होते, वादात त्याला हरवणं कठीण होतं. १०९५ साली, सगळं व्यवस्थित चाललेलं असताना, त्याला जाणवलं की जे समजायचं राहिलंय ते आता वाचून समजणार नाही, चालून पाहावं लागेल. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की सहा महिने तो एक पाय पुढे टाकायचा आणि दुसरा मागे घ्यायचा. शेवटी वाचा बसली, शिकवता येईना, घास गिळवेना. मग त्याने पद सोडलं आणि तो निघाला. काहींना अन्यायाची चीड तिथे नेते. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली २१ वर्षं अभ्यासाची, पारखण्याची होती. माणसाला माणूस म्हणून मोल देणारा धर्म त्यांना हवा होता, आणि त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी तोच निर्णय घेतला तो त्याच भुकेपोटी. कुणाला मूल झाल्यावर कृतज्ञता मावेनाशी होते. कुणाला आपल्या हातून घडलेल्या गोष्टीची क्षमा मागायची असते आणि ज्याची मागायची तो माणूस हयात नसतो. दादाच्या मनात यातलं काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण आतापर्यंत तुम्ही त्याला "कसं काय मानतोस?" असं विचारलंत. "काय झालं?" हे बहुधा विचारायचं राहिलं.

आता "मला सिद्ध करता येणार नाही" याकडे येऊ. श्रद्धेला उडी म्हणण्यामागे सोरेन किर्केगार्द (१८१३–१८५५) या डॅनिश विचारवंताच्या लिखाणाचा मोठा हात आहे. पुरावे कितीही रचले तरी शेवटचं अंतर त्यांनी भरून निघत नाही, ते स्वतःला झोकून देऊनच पार करावं लागतं, असं त्याचं म्हणणं. याच्या अगदी समोर विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणितज्ञ उभा आहे. १८७७ साली त्याने एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं आहे, शंका घेण्यासारखी परिस्थिती आहे, पण मालक मनाची समजूत घालतो की देव सांभाळेल आणि प्रवाशांनी भरलेलं जहाज समुद्रात सोडतो. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोषीच. १८९६ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिलं : काही निर्णय असे असतात की ते टाळता येत नाहीत, पुरावा पुरा होण्याची वाट पाहिली तर ती वाट पाहणं हाच एक निर्णय ठरतो. मैत्रीचं उदाहरण तो देतो. समोरच्याने आपल्यावर जीव लावल्याचा पुरावा आधी मिळू दे, मग मी हात पुढे करीन, असं म्हणणाऱ्याला मित्र मिळत नाही.

मला दोघेही बरोबर वाटतात, आपापल्या जागी. उडी घेणारा स्वतःचं आयुष्य पणाला लावत असेल तर जेम्सचं ऐकावं, त्याला अडवू नये. पण जहाजात दुसरे बसलेले असतील तर क्लिफर्डचं ऐकावं आणि कठोरपणे ऐकावं. दादाच्या बाबतीत तुमची काळजी कुठे रास्त आहे आणि कुठे नाही, हे यावरून ठरवता येईल. तो पहाटे उठून प्रार्थना करतो, खाणंपिणं बदलतो, सुट्टीचा दिवस मंडळात घालवतो, तर तो त्याचा दिवस आहे. मुलांच्या शिक्षणाचे पैसे देऊन टाकत असेल, घरातल्या आजारी माणसाचं औषध श्रद्धेच्या भरवशावर बंद करायला सांगत असेल, तर गप्प बसू नका.

म्हणून पैशांचं बोला, आणि स्पष्ट बोला. बाबांच्या पैशांतला त्याचा वाटा कायद्याने त्याचा असेलही, पण त्याच्या घरात आणखी तीन माणसं आहेत. वहिनी काही बोलत नाही, याचा अर्थ तिला चालतं असा धरू नका. आधी तिला एकटीला भेटा. दादाची तक्रार करायला नको, तिला काय वाटतं ते ऐकायला. मग दादाला एवढंच म्हणा की मोठी रक्कम देण्याआधी एक वर्ष जाऊ दे, आणि वहिनीच्या संमतीशिवाय देऊ नकोस. जी श्रद्धा खरी आहे ती वर्षभरात कुठे जात नाही. मंडळ यावर काय म्हणतं ते नीट पाहा. "सावकाश विचार करून द्या, नाही दिलंत तरी चालेल" असं म्हणणारी माणसं असतील तर माझी अर्धी चिंता मिटेल. घाई करत असतील, घरच्यांपासून लपवायला सांगत असतील, शंका विचारणाऱ्याला कमी लेखत असतील, सोडून गेलेल्यांशी संबंध तोडायला लावत असतील, तर ती उडी नव्हे, मागून दिलेला धक्का आहे. तिथे वहिनीला बरोबर घेऊन ठाम उभं राहा, आणि गरज पडली तर पैशांच्या बाबतीत वकिलाचा सल्ला घ्या.

त्याला परत कसं आणायचं, हे मी सांगणार नाही. तो कुठे हरवलाय असं मला वाटत नाही. पण तुम्ही त्याला गमावू शकता, ही भीती खरी आहे. मघाशी बाजूला ठेवायला सांगितलेली गोष्ट हीच. बाहेरची नाती जितकी सैल होतात तितका माणूस आत खेचला जातो. दर भेटीत तुम्ही वाद घालता, म्हणून दर भेटीत त्याला बचाव करावा लागतो, आणि बचाव करता करता त्याची मतं होती त्याहून ताठ होत जातात. शिवाय त्याच्या शंका संपलेल्या नाहीत, हे मी खात्रीने सांगते. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याची जाणीव आपल्याला होत नाही, हे दुःख त्यांनी कित्येक दशकं सोसल्याचं त्यांतून दिसलं. जिच्या श्रद्धेचे जगाने दाखले दिले तिची ही अवस्था, तर संख्याशास्त्राच्या मास्तरांच्या मनात काय काय येत असेल! मंडळात ते बोलायला त्याला संकोच वाटत असणार. तुमच्याशी बोलावं तर तुम्ही ती शंका लगेच हत्यार म्हणून वापराल. ती वापरणार नाही असा विश्वास त्याला वाटला, तर या जगात त्याच्या शंका ऐकणारं सगळ्यात चांगलं माणूस तुम्हीच आहात.

आणि हेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यावरून तुम्ही आतून श्रद्धाळू आहात असाही अर्थ मी काढणार नाही. तुम्ही पत्रात बाबांच्या आजारपणाबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि त्यात दादा आहे. तुम्ही कुठे होतात, तुमचं काय झालं, याबद्दल एक शब्द नाही. बाबा तुमचेही होते. दादाला आपलं दुःख घेऊन जायला जागा मिळाली. तुमचं दोन वर्षं दादाशी वाद घालण्यात गेलं, आणि झोप येत नाही त्या रात्री ते तसंच समोर येऊन बसतं. श्रद्धा नसलेल्या माणसालाही शोक करायला सोबत लागते. ती मिळवा. मैत्रीण असेल, समुपदेशक असेल, पण आधी दादा, कारण बाबांना त्याच्याइतकं ओळखणारं दुसरं कोण आहे?

या आठवड्यात त्याच्याकडे जा. धर्माचा विषय काढू नका. त्याने काढला तर "आज नको" म्हणा. त्याला म्हणा, बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी नव्हते त्या रात्रींचं सांग. काय बोलायचे, कशाला घाबरायचे, तुला काय वाटायचं. सांगताना तो प्रार्थनेपर्यंत आला तर त्याला तिथपर्यंत येऊ द्या, मध्ये बोलू नका. पुढे कधी त्याने मंडळात बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, पण निघण्याआधी त्याला सांगा की मी मानायला येत नाहीये, तू कुठे बसतोस ते बघायला येतेय. त्याला ते चालेल असं मला वाटतं. नाही चालणार असं तो म्हणाला, तर मला पुन्हा लिहा.